ईदच्या नमाजात हात कधी बांधायचे, कधी सोडायचे

प्रश्न एका सोलापूरच्या तरुणाचा आहे. नोकरी पुण्यात, सासुरवाडी चिपळूणची. रमजान ईदची नमाज तो सासऱ्यांसोबत चिपळूणला पढला. तिथं इमामांनी पहिल्या रकातीत (नमाजच्या पहिल्या फेरीत) एकामागून एक सात तकबीर, म्हणजे "अल्लाहु अकबर", म्हटल्या आणि दर तकबीरनंतर सगळी ओळ हात बांधून उभी. यानं सवयीनं हात खाली सोडले, तर नमाजनंतर मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमचं चुकलं." मग बकरी ईदला सोलापुरात ईदगाहवर त्यानं मुद्दाम हात बांधले, तर शेजारच्या चाचांनी चालू नमाजात त्याचे हात धरून खाली ओढले. तो विचारतो : बरोबर कोण? माझ्या दोन्ही नमाजा झाल्या की गेल्या? आणि उशिरा पोचलो तर नेमकं काय करायचं?

आधी मनातली भीती काढून टाका. दोन्ही नमाजा झाल्या. मेहुणा त्याच्या जागी बरोबर, चाचांचं म्हणणंही त्यांच्या जागी बरोबर. फक्त चालू नमाजात दुसऱ्याचे हात ओढणं ही चाचांची चूक होती, तुमची नव्हे.

मी टेलर आहे. विजापूर वेशीजवळ छोटं दुकान आहे, आणि गेली सव्वीस वर्षं ईदच्या नमाजात मुकब्बिर म्हणून उभा राहतोय. मुकब्बिर म्हणजे इमामसाहेबांची तकबीर मागच्या ओळींपर्यंत मोठ्या आवाजात पोचवणारा. ही काही आजची सोय नाही. पैगंबर साहेब शेवटच्या आजारात बसून नमाज पढवत होते तेव्हा हजरत अबू बक्र त्यांची तकबीर लोकांना ऐकवत होते, हे हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींत) आलंय. आता माइक आहेत, पण माइक कधी दगा देईल ते सांगता येत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना अजून ठेवलंय.

या कामात एक गोष्ट दिसली, आणि ती दरवर्षी दिसते. लोक हात उचलतात, जीभ हलत नाही. तकबीर म्हणजे "अल्लाहु अकबर" म्हणणं. हनफी मसलकमध्ये, म्हणजे सोलापुरात आपण पाळतो त्या धार्मिक परंपरेत, ईदच्या सहा जादा तकबीर वाजिब (करायलाच हव्या अशा) आहेत, आणि वाजिब आहे ते म्हणणं. हात कानापर्यंत नेणं सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. एखाद्यानं हात उचललेच नाहीत पण तोंडानं हळू आवाजात तकबीर म्हटली, तर त्याचं वाजिब पूर्ण. हात टापटिपीत सहाही वेळा वर गेले आणि तोंड बंद राहिलं, तर वाजिब राहून गेलं. लोकांना वाटतं तकबीर इमामांनी म्हणायची आणि आपण कवायत करायची. तसं नाही. मुक्तदीनंही, म्हणजे इमामांच्या मागे पढणाऱ्यानंही, म्हणायची, आपल्या कानाला ऐकू येईल इतपत.

हे ध्यानात आलं की हातांचा गोंधळ अर्धा कमी होतो. उरलेल्या अर्ध्यासाठी एकच कायदा लक्षात ठेवा. ज्या तकबीरनंतर उभ्यानं काही वाचायचं आहे, तिथं हात बांधायचे. ज्या तकबीरनंतर काही वाचायचं नाही, तिथं सोडायचे.

आता आपल्याकडची नमाज या कायद्यावर घालून बघा. पहिली तकबीर, तिला तकबीर-ए-तहरीमा म्हणतात. तिच्यानंतर सना (सुरुवातीची स्तुती) वाचायची आहे, म्हणून हात बांधले. मग पहिली जादा तकबीर, तिच्यानंतर काही वाचायचं नाही, सोडले. दुसरी जादा, पुन्हा काही नाही, सोडले. तिसरी जादा, आता इमामसाहेब कुरआनातली फातिहा आणि सूरा सुरू करणार, म्हणून बांधले. दुसऱ्या रकातीत फातिहा आणि सूरा आधी होऊन जाते, तोवर हात बांधलेले असतात. मग पहिली जादा, सोडले. दुसरी, सोडले. तिसरी, तिच्यानंतरही काही वाचायचं राहिलेलं नाही, म्हणून सोडलेच. आणि चौथ्या तकबीरला हात न उचलता थेट रुकू, म्हणजे कमरेत वाकणं. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना मी हे दखनीत शिकवतो : बांधो, छोडो, छोडो, बांधो, छोडो, छोडो, छोडो, झुको. चार आणि चार. दुकानात पोरं बटणं लावता लावता म्हणत असतात.

चारचा हा हिशोब माझ्या पदरचा नाही. अबू दाऊद या हदीसच्या किताबात एक रिवायत (नोंद) आहे. सईद बिन आस यांनी पैगंबरांचे साथी अबू मूसा अशअरी यांना विचारलं की पैगंबर साहेब ईदला तकबीर कशा म्हणत. ते म्हणाले, जनाज्यासारख्या चार. जवळ बसलेले दुसरे साथी हुजैफा म्हणाले, खरंय. पहिल्या रकातीत तहरीमा धरून चार, दुसऱ्या रकातीत रुकूची धरून चार. हनफी मसलक या रिवायतीवर आणि अब्दुल्लाह बिन मसऊद यांच्या पद्धतीवर चालतं. फक्त एक सांभाळा : जनाज्याच्या चार तकबीरांत आपल्याकडे हात पहिल्यांदाच उचलतात, पुढच्या तीनला हात बांधलेलेच. साम्य आकड्यापुरतं, हाताचं नाही. वर्षभर जनाजे पढणारी वयस्कर मंडळी ईदला हात न उचलता उभी राहतात, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या चिपळूणकडे येऊ. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मसलकचे. त्यांच्याकडे पहिल्या रकातीत तहरीमाशिवाय सात आणि दुसऱ्या रकातीत पाच जादा तकबीर, आणि दोन्ही वेळा फातिहाच्या आधी. सात आणि पाचची रिवायत हजरत आयशा यांच्याकडून अबू दाऊदमध्येच आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या हदीसच्या किताबात नाफे सांगतात की त्यांनी अबू हुरैरांच्या मागे ईदची नमाज पढली, तेव्हा त्यांनी सात आणि पाच म्हटल्या. म्हणजे दोन्हीकडं बुनियाद भक्कम आहे. एकाच किताबात दोन्ही रिवायती बसल्यात आणि गुण्यागोविंदानं बसल्यात, भांडण आपलंच.

पण ते हात का बांधतात? कारण शाफई पद्धतीत दोन तकबीरांच्या मध्ये हळू आवाजात "सुबहानल्लाहि वल्हम्दु लिल्लाहि व ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर" वाचतात. वाचायचं आहे, म्हणून बांधायचे. आपल्याकडे मध्ये गप्प राहायचं असतं, म्हणून सोडायचे. कायदा तोच, फरक मधल्या वाचण्याचा. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. त्याआधी मीही "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं" एवढ्यावर विषय सोडून देत होतो.

तुमच्यासाठी व्यवहारातला जवाब असा : ज्या इमामांच्या मागे उभे आहात, त्यांच्या तकबीर मोजा आणि तेवढ्याच म्हणा. हनफी माणूस शाफई इमामांच्या मागे असेल तर सातच्या सात आणि पाचच्या पाच म्हणायच्या, इमामांच्या मागे चालणं हेच हनफी फिक्ह (धर्माचा कायदा) सांगतं. "आमच्या तीन झाल्या, आता मी उभा" असं करू नका. मध्ये हात बांधलेत की सोडलेत यानं नमाज बिघडत नाही. सासऱ्यांच्या शेजारी उभे असाल तर बांधा, वाचता येत असेल तर ते जिक्रही वाचा. सोलापुरात सोडा. मालिकी मसलकमध्ये तर फक्त तहरीमाला हात उचलतात, बाकीच्या तकबीर हात न हलवता म्हणतात. त्यांचीही नमाज होते आणि ती कोट्यवधी लोकांची आहे.

सोलापुरात देवबंदी आणि बरेलवी हे दोन गट आहेत, पण दोघेही हनफीच, त्यामुळे तकबीरच्या बाबतीत मस्जिद कुठलीही असो, फरक पडणार नाही. कुठल्याही एका मसलकला न बांधलेल्या अहले हदीस मंडळींची जमात वेगळी होते. ते सात आणि पाच म्हणतात आणि हात छातीवर बांधतात. त्यांच्याकडे बायकांचीही सोय असते. उम्मे अतिया यांची हदीस आहे की बायकांनाही ईदला बाहेर न्यायचा हुकूम होता. ज्यांना पाळी आहे त्यांनाही न्यायचं, मात्र त्यांनी नमाजच्या जागेपासून बाजूला बसून दुआत सामील व्हायचं. आपल्या हनफी घरांतून बायका सहसा जात नाहीत. गेल्याच जमातला तर हात खांद्यापर्यंत उचलायचे आणि छातीवर ठेवायचे, तकबीरचा क्रम तोच.

हात उचलणं आणि बांधणं नेमकं कसं, तेही सांगून टाकतो, कारण ते दिसायला सोपं वाटतं. अंगठे कानाच्या पाळीच्या सरळीत आले पाहिजेत. पाळीला लागले तरी हरकत नाही, पण कान पकडल्यासारखं करायचं नाही. तळवे किबल्याकडे. पुष्कळ जण तळवे आपल्याच गालाकडे वळवतात, जणू कुणी ओरडतंय आणि हे कान झाकतायत. बोटं फार फाकवायची नाहीत, फार मिटायचीही नाहीत, आपसूक राहतील तशी. मान सरळ. तकबीरला डोकं खाली झुकवणं ही इतकी पसरलेली सवय आहे की उंचावरून बघताना टोप्यांची लाट उठल्यासारखी दिसते. नजर सजद्याच्या जागी, आणि सजद्याची जागा म्हणजे आमच्याकडे निम्म्या वेळा अंथरलेली सोलापुरी चादर. तिची चौकटी नक्षी मोजत बसायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. हात बांधताना उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठा आणि करंगळीनं मनगटाला कडं, मधली तीन बोटं मनगटावर सरळ, बेंबीच्या खाली. सोडताना हात सरळ खाली, मांडीला चिकटून, ताठ सैनिकासारखे नाहीत आणि झोका घेतल्यासारखेही नाहीत.

आता माझ्या धंद्यातलं. ईदच्या आदल्या रात्री दीड-दोन वाजता माझ्याकडे गिऱ्हाइकं कुर्ता घालून बघायला येतात, तेव्हा मी प्रत्येकाला सांगतो, हात कानापर्यंत उचलून दाखव. कारण बगलेत कपडा कमी पडला तर हात छातीपर्यंतच जातो, आणि जोर लावला की शिवण उसवते. निम्म्या पोरांचे हात ईदगाहवर अर्धवट उठतात, त्यात ईमानचा दोष नाही, कुर्त्याचा आहे. हल्ली तयार कुर्ते अंगाला घट्ट आणि बाही चिंचोळी असतात. विकत घ्याल तर दुकानातच एकदा तकबीरचा हात करून बघा. लोक हसतील, हसू देत.

सगळ्यात जास्त गडबड होते ती दुसऱ्या रकातीत. तिथं शरीराची सवय आडवी येते. रोजच्या पाच नमाजांत सूरा संपली आणि "अल्लाहु अकबर" ऐकलं की कमर आपोआप वाकते. ईदच्या दुसऱ्या रकातीत सूरा संपल्यावर जी पहिली तकबीर येते ती रुकूची नसते. दरवर्षी शेकड्यानं माणसं तिथं रुकूत जातात, डावीकडे उजवीकडे बघतात आणि लाजून उभी राहतात.

मी स्वतः गेलोय. मुकब्बिर म्हणून माझं दुसरं की तिसरं वर्ष असेल. शहरातल्याच एका ईदगाहवर, दुसऱ्या रकातीत वीज गेली आणि माइक बंद पडला. माझ्या पायाखाली लाकडी टेबल, घशात कोरड, मागं दूरवर टोप्याच टोप्या. इमामसाहेबांची सूरा संपली, त्यांनी तकबीर म्हटली, मी पूर्ण ताकदीनं "अल्लाहु अकबर" पुकारलं आणि त्याच झोकात टेबलावर वाकलो. माझं बघून माझ्या मागचं अर्धं मैदान वाकलं. टेबल करकरलं, ते मला अजून ऐकू येतं. गुडघ्यावर हात ठेवले आणि समोरून इमामसाहेबांची दुसरी तकबीर आली, तीही उभ्यानं. तसाच ताठ झालो आणि पुकारलं. काही ओळी उभ्या, काही वाकलेल्या, काही लोक मध्येच. चौथ्या तकबीरला सगळे एकदाचे रुकूत आले तेव्हा माझे पाय थरथरत होते. खुतब्यानंतर इमामसाहेबांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हाथाँ कमर बाद में मियाँ, पहले दिल में गिनो, फिर जबान हिलाओ." तेव्हापासून मी मोजतो. बोटानं नाही, मनात.

असं तुमच्याबाबत झालं तर घाबरायचं नाही. लवकर रुकूत गेलात, कळलं, उभे राहा आणि इमामांसोबत पुढच्या तकबीर म्हणा. राहिलेली एखादी पटकन म्हणून घ्या. नंतर खरा रुकू इमामांसोबतच करा. नमाज शाबूत. मुक्तदीच्या स्वतःच्या भुलीमुळे त्याच्यावर सजदा-ए-सहव, म्हणजे चूक भरून काढायचा जादा सजदा, येत नाही. आणि इमामसाहेबांकडून तकबीर राहून गेली तर? फिक्हच्या किताबांत लिहिलंय की ईद आणि जुम्म्याच्या मोठ्या गर्दीत सजदा-ए-सहव सोडून द्यावा, कारण मागच्या लोकांना कळणार नाही काय चाललंय आणि गोंधळ उडेल. म्हणून मागून "सुबहानल्लाह"चा गजर करून इमामांना हैराण करू नका.

सवयीवर एक साधा उपाय आहे. बहुतेक इमाम ईदला पहिल्या रकातीत "अल-आला" ही सूरा आणि दुसऱ्या रकातीत सूरा गाशिया वाचतात, तसं करणं सुन्नत आहे. गाशियाची शेवटची आयत "सुम्म इन्न अलैना हिसाबहुम" अशी आहे. हे शब्द कानावर पडले की मनाशी म्हणायचं : आता वाकायचं नाही, आता तीन. आमच्या गल्लीत ज्यांना अरबी वाचता येत नाही अशा दोन-तीन रिक्षावाल्यांनाही ही एक आयत कानानं ओळखता येते. कुठं कुठं सूरा काफ आणि सूरा कमर वाचतात, तिथं हा उपाय चालणार नाही. तिथं कान इमामांकडे आणि मन मोजण्यात.

शेजाऱ्याच्या हाताकडे बघून हात हलवू नका. शेजारीही तुमच्याकडेच बघत असतो. मोठ्या मैदानात आवाज मागच्या ओळींपर्यंत यायला वेळ लागतो, दीडशे-पावणेदोनशे मीटरवर अर्धा सेकंद सहज जातो. त्यात दोन कर्ण्यांचे आवाज पुढं-मागं येतात आणि एकाच तकबीरच्या दोन ऐकू येतात. माणूस दोन मोजतो. म्हणून इमामांनी दोन तकबीरांच्या मध्ये तीनदा "सुबहानल्लाह" म्हणण्याइतकं थांबायचं असतं, आणि चांगले इमाम गर्दी बघून त्याहून जास्त थांबतात. इतक्या वेळात दुसरा आवाज आला तर तो पहिल्याचाच पडसाद, हे ओळखा.

एक गोष्ट माझ्या भाऊबंदांना, म्हणजे जे तकबीर पुकारतात त्यांना. "अल्लाहु" मधला पहिला अ ओढून "आल्लाहु" करायचा नाही. अरबीत त्याचा सवाल होतो : अल्लाह मोठा आहे का? आणि "अकबर"चं "अकबार" तर मुळीच करायचं नाही. अरबीत त्याचा अर्थ ढोल असा निघतो. आवाज लांबवायचा असेल तर "अल्ला" मधला ला लांबवा, तिथं जागा आहे. घसा साफ असलेली तरुण मंडळी सुरात येतात आणि शेवटचा बार ओढतात. ऐकायला गोड लागतं, पण ते चुकीचं आहे.

उशिरा पोचण्याचं विचारलंत. होटगी रोडला ईदच्या सकाळी गाडी लावायला जागा शोधण्यातच नमाज निघून जाते, हे मला ठाऊक आहे. उपाय एकच, लवकर निघा. तरीही उशीर झाला, तर हनफी पद्धतीनं काय करायचं ते सांगतो.

इमाम पहिल्या रकातीत सूरा वाचत असताना पोचलात, तर तहरीमा म्हणून लगेच तिन्ही जादा तकबीर हात उचलून म्हणून घ्या, तिसरीनंतर हात बांधा आणि गप्प ऐका. सना वाचत बसू नका.

इमाम रुकूत असताना पोचलात, तर अंदाज घ्या. उभ्यानं तीन तकबीर म्हणूनही रुकू मिळेल असं वाटलं, तर म्हणा आणि रुकूत जा. मिळणार नाही असं वाटलं, तर तहरीमा उभ्यानं म्हणून रुकूत जा आणि तिन्ही तकबीर रुकूतच म्हणा, हात न उचलता. हात गुडघ्यावरच राहतील. रुकूची तसबीह बाजूला ठेवा, कारण ती सुन्नत आणि तकबीर वाजिब. पूर्ण होण्याआधी इमाम उठले, तर उरलेल्या माफ, इमामांसोबत उठा. तहरीमा मात्र उभ्यानंच. धावत येऊन वाकता वाकता "अल्लाहु अकबर" म्हणणाऱ्याची नमाज सुरूच होत नाही. हे धावत येणाऱ्यांना कितीदा सांगितलं तरी कमीच.

पहिली रकात पूर्ण हुकली आणि दुसरीत सामील झालात, तर इमामांनी सलाम फेरल्यावर, म्हणजे नमाज संपवल्यावर, उभे राहा. सना, फातिहा, सूरा वाचा, आणि मग रुकूच्या आधी तीन जादा तकबीर म्हणा. पहिली रकात असूनही तकबीर नंतर का? कारण आधी म्हटल्या तर इमामांसोबतच्या तीन आणि तुमच्या तीन लागोपाठ होतील. म्हणून मध्ये किराअत (कुरआनचं वाचन) घालायची. सलामच्या जरा आधी, शेवटच्या बैठकीत म्हणजे अत्तहियातमध्ये येऊन मिळालात, तर दोन्ही रकाती उठून एकट्यानं पढायच्या, नेहमीच्या क्रमानं.

आणि पूर्ण जमात गेली तर? शहरात ईदच्या जमाती वेगवेगळ्या वेळी असतात, कुठं सकाळी लवकर, कुठं दीड-दोन तासांनी. दुसऱ्या मस्जिदीत जा. कुठंच मिळाली नाही, तर हनफी पद्धतीत ईदची नमाज एकट्यानं होत नाही. चाश्तच्या (सकाळच्या) चार रकाती नफल, म्हणजे ऐच्छिक, पढून घ्या, त्यात जादा तकबीर नाहीत. शाफई माणूस एकटाही पढू शकतो.

नमाजच्या आधी ईदगाहवर नफल पढायची नाही. अजान नाही, इकामतही (नमाज उभी राहत असल्याची पुकार) नाही, त्यामुळे लोक इकामतची वाट बघत बोलत राहतात आणि तहरीमा निसटते. नियत मनाची. उर्दूतलं लांबलचक वाक्य पाठ नसेल तर मराठीत मनात धरा : ईदची वाजिब नमाज, दोन रकाती, सहा जादा तकबीरांसह, या इमामांच्या मागे. बस. खुतबा नमाजनंतर असतो, तो बसून ऐकायचा. सलाम फिरला की चादर झटकून शीरखुर्म्याकडे पळणारे मला टेबलावरून सगळे दिसतात. दुआचे हात छातीच्या उंचीला, तळवे आभाळाकडे. गळाभेट एकदा की तीनदा यावर वाद घालणाऱ्यांना मी दोन्ही वेळा मिठी मारतो, कारण ती नमाजचा भाग नाही, आपल्याकडची रीत आहे.

बकरी ईदला एक भर पडते. 9 जिलहिज्जाच्या फज्रपासून 13 जिलहिज्जाच्या अस्रपर्यंत प्रत्येक फर्ज नमाजनंतर तकबीर-ए-तशरीक, म्हणजे या दिवसांची खास तकबीर, म्हणायची, म्हणजे एकूण 23 नमाजा. तिच्यात हात उचलायचे नसतात. ईदच्या नमाजच्या धुंदीत काही जण तिथंही कानाला हात लावतात.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या ईदला मुलाला घेऊन येणार आहात, पाच वर्षांचा आहे. त्याला ओळीत तुमच्या उजव्या बाजूला उभं करा. तो तुमच्या हातांकडे बघूनच हात हलवणार, त्याला दुसरं काय कळतं. तुमची तकबीर नेहमीपेक्षा किंचित मोठी ठेवा, त्याच्या कानापर्यंत जाईल इतकीच, इमामसाहेबांच्या आवाजात बुडून जाईल इतकी लहान. आणि त्याचा कुर्ता शिवायला टाकाल तर टेलरला सांगा, बगलेत दोन बोटं जास्त ठेव.